दुसऱ्यांदा मागितलेली चावी

तो गेल्यावर भेटायला आलेल्या बहुतेकांनी मला एकच वाक्य ऐकवलं : देवमाणूस होता. पुढचं अर्धं वाक्य काहींनी गिळलं, काहींनी नाही. त्याच्या एका चुलतबहिणीनं माझा हात हातात धरून ते पुरं केलं. "तुझं हे असं असताना त्यानं लग्न केलं गं. आणि कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही."

मी तिच्यासमोर चहा ठेवला. समाचाराला आलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं मला कळतं. पण ती म्हणाली ते खरं नाही. त्यानं बोलून दाखवलं होतं. मी न्हाणीघर अडवून बसते म्हणून, लांबच्या लग्नांना यायला नाही म्हणते म्हणून, कोबीची भजी घरात होत नाहीत म्हणून तो चारचौघींच्या नवऱ्यांसारखा कुरकुरला, भांडला, अबोला धरून बसला. देवमाणूस असता तर मी त्याच्याशी लग्नच केलं नसतं. त्या वयात मला देवमाणसांची फार धास्ती वाटायची.

मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. इतरांनी लिहिलेलं जागच्या जागी ठेवणं हे माझं काम होतं. स्वतः लिहायची सवय नाही. म्हणून हे हळूहळू लिहिते आहे, रोज थोडं. पण लिहिणार आहे. कारण लोक त्याची मूर्ती करायला निघालेत, आणि मला त्या मूर्तीच्या पायाशी बसवायला.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी पंचविशीत होते. घाटकोपरला चाळीतल्या दोन खोल्यांत आई, दादा, वहिनी आणि मी असे चौघं राहायचो. वडील आधीच गेले होते. माझ्या मोठ्या आतड्याला व्रण झाले होते, त्यातून रक्त जायचं. औषधं झाली, पथ्य झालं, आईचे नवस झाले. शेवटी ते आतडं काढून टाकावं लागलं. लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणलं, बेंबीच्या उजवीकडे, थोडं खाली. डॉक्टर त्याला तोंड म्हणायचे. त्या तोंडावर रबराची पिशवी, ती धरून ठेवायला एक गोल चकती आणि कमरेला पट्टा. इतरांचं जे दार लावून सकाळी आटोपतं, ते माझं दिवसभर, केव्हाही, मला न विचारता त्या पिशवीत येतं. भरली की रिकामी करायची, धुवायची, पुन्हा लावायची. जन्मभर.

त्या ऑपरेशननं मी जगले. अंग भरलं, गेलेले केस परत आले, जिना न थांबता चढता यायला लागला. पण घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. आईच्या तोंडी त्याला 'ते' एवढंच नाव होतं. "तुझं ते झालं का?" चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. बाकीच्या बायका डबा घेऊन जायच्या, मी बादली घेऊन जायचे आणि जास्त वेळ लावायचे. बाहेर कुणीतरी दार वाजवायचं. "झोपलीस काय गं आत?" मी मुळात अबोल, पण त्या दाराआडून मला बोलता यायला लागलं. "हो, उशी तेवढी द्या," म्हणायचे. बाहेर हशा व्हायचा आणि रांग थांबायची.

घरी सोडताना मी डॉक्टरांना विचारलं होतं, "लग्न केलं तर चालेल?" ते केसपेपर चाळत म्हणाले, "हरकत नाही." कशाला हरकत नाही हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आई शेजारी उभी असताना मी तरी काय विचारणार? त्या काळात ते सांगणारं पुस्तकही मला मिळालं नाही, आणि मी तर पुस्तकांतच दिवस काढत होते. आमच्या ग्रंथालयातली शरीरशास्त्राची पुस्तकं मी एकेक करून चाळली. त्यांत आतडी होती, आणि वेगळ्या प्रकरणात, वेगळ्या चित्रात, स्त्री आणि पुरुष होते. दोन्ही एका माणसात असू शकतात असं कुठल्याच पानावर नव्हतं.

आईनं स्थळं बघायला सुरुवात केली ती माझं अपेंडिक्स काढलंय असं सांगून. "एकदा लग्न होऊ दे," ती म्हणायची, "मग संसारात सगळं सांभाळून जातं."

"आणि पहिल्या रात्री?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

मी एका कार्यक्रमाला बसले. मुलगा, त्याची आई, त्याचा मामा. मामा बोलका होता. "अपेंडिक्स काय हो, आमच्या चाळीत तिघांचं काढलंय. एक तर दुसऱ्या आठवड्यात कबड्डी खेळला!" सगळे हसले. मी पोह्यांच्या बशा ठेवून सरळ उभी राहिले आणि म्हणाले, "अपेंडिक्स नाही. मोठं आतडं काढलंय. पोटावर पिशवी आहे."

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "म्हणजे किती दिवस?"

"कायमची."

"आणि मग…" ती माझ्या आईकडे बघून म्हणाली, "देवाचं कसं करते ही? सोवळ्याओवळ्याचं?"

त्यांनी चहा घेतला नाही. "कळवतो," म्हणाले. ते जिना उतरल्यावर आई भिंतीला टेकून बसली. "तू मुद्दाम केलंस." वहिनी आतून म्हणाली, "निदान चहा तरी होऊ द्यायचा होतास, वन्सं. एवढं दूध घातलं होतं." त्यानंतर आमच्याकडे मुलगी बघायला कुणी आलं नाही. आईला त्याचं दुःख झालं. मला झालं नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे.

तो आमच्या कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना यायचा. दिवसा अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि अर्धी राहिलेली पदवी पुरी करत होता. जोगेश्वरीला आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहायचा. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. पुस्तकं उशिरा परत करायचा आणि दंड भरताना पुस्तकाविषयी काहीतरी बोलायचा. आधी "मॅडम" म्हणायचा, मग "अहो", आणि एक दिवस काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "तू एवढी वाचतेस, तर यात शेवटी ती मरते का ते सांग ना. मला मरणारं वाचवत नाही." त्या 'तू'ला मी हरकत घेतली नाही.

ग्रंथालय बंद करून आम्ही पार्ल्याच्या स्टेशनपर्यंत चालत यायचो. वाऱ्याची दिशा तशी असली तर बिस्किटं भाजल्याचा वास सोबत असायचा. मला त्या वासाचा आधार वाटायचा. त्यात माझा काही वास असला तर मिसळून जाईल असं वाटायचं. पुढे आम्ही स्टेशनजवळच्या उडप्याकडे बसायला लागलो. तिथे मागच्या बाजूला फॅमिली रूम होत्या. म्हणजे झुलत्या अर्ध्या दारांची लाकडी खोकी, आत समोरासमोर दोन बाकं. नाव फॅमिली, पण आत फॅमिली कधीच नसायची. वेटर दर थोड्या वेळानं दारावरून मान काढायचा. "और कुछ?"

पिशवीला आवाज असतो. गुरगुर होते, कधी फुसकन वारा सुटतो, आणि तो मला थांबवता येत नाही. पहिल्यांदा तिथे झालं तेव्हा मी थिजले. तो म्हणाला, "भूक लागली वाटतं," आणि त्यानं माझ्यासाठी आणखी एक इडली मागवली. मी ती खाल्ली.

मी तिथे कांदा टाळायचे, चटणीतल्या खोबऱ्याला हात लावत नसे, वाटाणा-हरभऱ्याचं काही घेत नसे. इडली नाहीतर दहीभात. त्याचा हात बाकावर जवळ आला तर हात धरू द्यायचे, कमरेकडे आला की सरकून बसायचे. तो काही विचारत नसे. त्यानं मनाशी सगळं जुळवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "आईला घेऊन येतो तुझ्या घरी. बोलायला."

मी खूप दिवस हे वाक्य येईल म्हणून तयारी करत होते. अलंकारिक, सभ्य, पुस्तकी अशी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडून निघालं नाही. मी म्हणाले, "माझं मोठं आतडं काढलंय. पोटावर भोक आहे. शी तिथून येते, पिशवीत. आत्ता तुझ्याशी बोलतेय तेव्हाही येतेय."

तो कपाकडे बघत राहिला. दारावरून मान आली. "और कुछ?"

"पाणी," तो म्हणाला.

पाणी आलं. तो ते प्याला नाही. मग म्हणाला, "आणि कांदा?"

"कांद्यानं वायू होतो. पिशवी फुगते."

"खोबरं?"

"त्याचा चोथा अडकतो."

"म्हणजे तू सोमवार धरत नाहीस?"

"नाही."

"गुरुवार?"

"कुठलाच वार नाही. आमच्याकडे रविवारी मटण असतं."

त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अगं, मी चार महिने मासळीबाजाराच्या गल्लीतून जात नाहीये यार! मला वाटलं तुझं काहीतरी कडक व्रत आहे. सोवळं-बिवळं. मला शिवू पण देत नाहीस. मी घरी सांगितलं मासे नकोत म्हणून. आई विचारते, 'ती भटाची आसा काय रे?' बहीण माझ्यासमोर बांगडा चोखून खाते, मुद्दाम!"

मी हसले. खरोखर पोटातून हसले, आणि पिशवीही काहीतरी म्हणाली, आणि तो त्या आवाजालाही हसला. मालवणी माणसानं माझ्यासाठी मासे सोडले होते. माझ्या आयुष्यात तोवर कुणी माझ्यासाठी काही सोडलं नव्हतं. आईनं केलेले नवस होते, पण ते देवासाठी.

तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण हसणं ओसरल्यावर त्यानं माझा हात धरला आणि गंभीर होऊन म्हणाला, "मला काही फरक पडत नाही."

माझा हात आपोआप मागे आला. "कशानं फरक पडत नाही?"

"या सगळ्यानं."

"तू बघितलंयस?"

"बघायची काय गरज आहे? मी तुझ्यावर—"

"न बघता फरक पडत नाही म्हणणारा माणूस माझ्यावर दया करतोय. मला दया नको. ती घरात आहे, पुरून उरेल एवढी."

"चिडतेस काय? मी चांगलंच बोलतोय ना!"

"म्हणूनच चिडते. आधी बघ. सगळं बघ. मग फरक पडतो की नाही ते सांग. पडला तरी सांग."

हे बोलताना मी धीट होते असं कुणाला वाटेल. मी घाबरले होते. पण ज्या भीतीनं आई मला झाकून विकायला निघाली होती, तिच्यापेक्षा ही भीती मला बरी वाटत होती. आज वाटतं, त्या खोक्यात मी लग्नाला होकार किंवा नकार देत नव्हते. माझं अंग कुणाला हवंसं वाटू शकतं का, एवढंच मला माहीत करून घ्यायचं होतं. चालवून घेणारे पुष्कळ मिळाले असते. हवीशी वाटणं वेगळं, आणि त्याशिवाय मला कुणाच्या घरात शिरायचं नव्हतं.

पण बघायचं कुठे? तेव्हाच्या मुंबईत दोन माणसांना दार लावून बसता येईल अशी जागा लग्न झालेल्यांनाही मिळत नसे. दादा-वहिनीला एकांत मिळावा म्हणून आई रविवारी दुपारी मला घेऊन मावशीकडे मुलुंडला जायची. का जायचं ते कुणी बोलायचं नाही, चपला मात्र वेळेवर पायांत असायच्या. बिनलग्नाचे लोक मित्राची चावी मागायचे. कारखान्यातल्या त्याच्या एका मित्रानं बोरिवलीला नव्या इमारतीत ब्लॉक घेतला होता, एकटाच राहायचा. त्याच्याकडे यानं चावी मागितली.

मित्र स्टेशनबाहेर उभा होता. माझ्याकडे बघितल्यासारखं न करता त्यानं चावी दिली आणि यालाच म्हणाला, "मजा कर, राजा." मी मान खाली घातली नाही. त्याला वाटत होतं तशी मजा करायला आम्ही चाललो नव्हतो, पण तसं असतं तरी मी मान खाली घातली नसती. मी विचारलं, "पाणी असतं का दुपारी?" तो गोंधळला. इतर मुली बहुधा शेजाऱ्यांचं विचारत असतील. "चारला येतं," म्हणाला. "पिंपात आहे थोडं."

खोलीत चुन्याचा ओला वास होता. एक लोखंडी पलंग, स्टोव्ह, दोरीवर टॉवेल. मी झोळीत माझं सामान आणलं होतं, जुन्या धुवट साडीच्या घड्या, साबण, चिकटपट्टी. मी त्याला पलंगावर बसवलं, खिडकीचा उजेड माझ्यावर पडेल अशी उभी राहिले आणि परकराची नाडी सैल केली. पिशवी दिसू नये म्हणून पोटावर गुंडाळलेला जुन्या साडीचा पट्टा सोडला, मग कमरेचा. मग पिशवी काढली.

ते तोंड लालभडक असतं. गालाच्या आतल्या बाजूसारखं ओलं. त्याला दुखणं नाही, पण ते स्वतःशी हलतं, आखडतं, फुलतं. भोवतीची कातडी तेव्हा सोललेली होती. मी पुसलं, धुतलं, ते पुन्हा वाहिलं, पुन्हा पुसलं. रोज आडोशाला करते ते सगळं त्याच्यासमोर केलं, सावकाश, काही न वगळता. मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

"वास येतो," तो म्हणाला.

"येतो."

तो उठून खिडकी पूर्ण उघडून आला. परत बसला. त्याचा रंग उतरला होता. "हात लावला तर दुखतं?"

"नाही. कळतही नाही."

त्यानं हात लावला नाही. मी दुसरी पिशवी बांधली, परकराची नाडी आवळली, साडी सारखी केली, त्याच्या शेजारी बसले. मला वाटलं आता तो काहीतरी छान बोलेल, आणि मला उठून जावं लागेल. तो म्हणाला, "किळस आली. थोडी. खोटं कशाला बोलू?"

"बरं."

"आता आपण… म्हणजे आज नको. मला भीती वाटते. काही लागेल, सुटेल."

"मी कुठे म्हणाले आज?"

"तू नाही म्हणालीस. मी म्हणतोय."

आम्ही दाराला कुलूप लावून निघालो. जिन्यात एका बाईनं आमच्याकडे खालून वर बघितलं. मीही तिच्याकडे खालून वर बघितलं. स्टेशनवर तो पुरुषांच्या डब्याकडे गेला, मी बायकांच्या.

त्यानंतर तो ग्रंथालयात आला नाही. एक आठवडा, मग दुसरा. त्याचं पुस्तक उशिरात होतं, त्यामुळे त्याचं नाव रोज माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. मी स्वतःला सांगितलं की मी मागितलं होतं ते मला मिळालं : फरक पडला तर सांग, म्हणाले होते, त्यानं न येऊन सांगितलं. मला पश्चात्ताप झाला का? रात्री व्हायचा. सकाळी बादली घेऊन रांगेत उभी राहिले की नाहीसा व्हायचा. ज्याला न दाखवता होकार दिला असता त्याच्या घरात मी जन्मभर उजेडाला घाबरले असते.

मग एका संध्याकाळी काउंटरवर त्याचं उशिराचं पुस्तक आलं, आणि पुस्तकावर चावी.

मी आधी चावी ओळखली, मग वर बघितलं.

"रविवारी," तो म्हणाला. "येशील?"

"कशाला? बघून झालं ना?"

मागे दोन विद्यार्थी उभे होते. त्यानं आवाज खाली आणला. "दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं. मग तू आठवायला लागलीस. बाकीची. आता फार आठवतेस. त्याला परत चावी मागितली तर म्हणतो, साल्या, आत्ताच तर नेली होतीस. मी म्हटलं, परत पाहिजे."

"आणि किळस?"

"असेल अजून थोडी. तिचं काय करायचं मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर सांग."

मी त्याच्या पुस्तकाचा दंड घेतला, पावती दिली, आणि चावी त्याच्या बाजूला सरकवली. "तूच ठेव. मी येईन."

इतकी वर्षं मी त्या पंधरवड्याचा विचार केला आहे. दया करणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी लग्नाची तारीख काढतो. तो घाईत असतो, कारण त्याला स्वतःचा चांगुलपणा थंड होण्याआधी वापरायचा असतो. दया करणारा माणूस मित्राची थट्टा सोसून दुसऱ्यांदा चावी मागायला जात नाही. त्यासाठी दुसरं काहीतरी लागतं. त्या दुसऱ्या गोष्टीला मराठीत पुष्कळ चांगले शब्द आहेत, आणि ते माझ्यासारख्या बाईसाठी कुणी वापरत नाही. म्हणून मी इथे वापरते. त्याला माझी ओढ लागली होती. त्याला मी हवी होते.

त्या रविवारी मी सकाळपासून फक्त पेज घेतली होती. निघताना पिशवी रिकामी केली, दुमडून वर घेतली आणि साडीच्या पट्ट्यानं बांधली. भर दुपार होती, खिडकीला पडदा नव्हता, त्यानं दोरीवरचा टॉवेल खिळ्यांना अडकवला. पुढचं सगळं मी लिहिणार नाही. ते झाकण्यासारखं नाही, पण ते आमचं आहे. एवढं लिहिते की आम्हा दोघांनाही काही येत नव्हतं. कुठल्या कुशीवर वळलं म्हणजे पिशवी दबत नाही हे आम्ही एकमेकांना विचारत, थांबत, हसत शोधून काढलं. आणि मध्येच त्यानं तो पट्टा बोटानं उचलून विचारलं, "हा हवाच का? माझ्यासाठी असेल तर नको." मी तो सोडला.

शेवटी चकतीच्या कडेनं सुटलंच. चादरीवर, त्याच्या मांडीवर. "वाट लागली," तो म्हणाला. मी उठून बसले. त्यानं मांडीकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "चारला अजून बराच वेळ आहे," म्हणाला.

पिंपातलं पाणी माझ्यापुरतं आणि त्याच्या मांडीपुरतं पुरलं. चादरीला नाही. म्हणून आम्ही ती मोरीत टाकली आणि मोरीच्या उंबरठ्यावर, भिंतीला पाठ टेकून, नळाला पाणी यायची वाट बघत बसलो. त्यानं माझी साडी अर्धी स्वतःवर ओढून घेतली होती. आमच्या आयुष्यातला पुष्कळसा काळ मला आता नीट आठवत नाही, पण ती दुपार आठवते. त्यानं त्याच्या वडिलांबद्दल सांगितलं, गिरणीतून आल्यावर कापसाच्या तंतूंनी त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या ते. मी त्याला विचारलं, कादंबऱ्यांत माणसं मरतात त्याचा तुला एवढा राग का. बोलता बोलता त्याचा हात माझ्या पोटावर आला आणि पिशवीवरच राहिला, ऊब असते तिला, त्या उबेवर. तो हात तिथे आहे हे त्याच्या लक्षातही नव्हतं. माझ्या लक्षात होतं.

नळ आधी खाकरला, मग सुटला. दोघांनी मिळून चादर धुतली, पिळली, बाल्कनीच्या दोरीवर घातली. समोरच्या इमारतीतल्या बाल्कनीत एक बाई तांदूळ निवडत होती. तिनं आम्हाला बघितलं, चादर बघितली. तिला काय वाटायचं ते वाटू दे. मी चिमटे लावले.

पुढच्याच आठवड्यात तो आमच्या घरी आला, आईला न घेता, एकटाच. त्याची आई तयार नव्हती. घरात देव आहेत, गौरी येतात, नव्या सुनेनं गौरीपुढे सुपं धरायची तो ओवसा ही कसा घेणार, असं तिचं म्हणणं होतं. ते ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि आम्ही बोरिवलीला भाड्याची खोली घेऊन राहिलो. पण त्या दिवशी त्याचं काम माझ्या आईकडे होतं.

तो सतरंजीवर बसला. दादा समोर, वहिनी दारात. त्यानं सरळ सांगितलं, "काकू, आम्हाला लग्न करायचंय."

आईनं माझ्याकडे बघितलं. "यांना ते…"

"माहीत आहे," मी म्हणाले.

"सगळं?"

"सगळं," तो म्हणाला. वहिनीनं पदर तोंडाला लावला. तिला त्या 'सगळं'चा अर्थ लागला असावा.

आईला लागला नाही. तिचे डोळे भरून आले. ती उठली, त्याच्यासमोर आली, आपल्या मुलाच्या वयाच्या माणसासमोर तिनं दोन्ही हात जोडले आणि वाकायला लागली. "तुमचे फार उपकार झाले. माझ्या पोरीला पदरात घेतलीत. तुम्ही माणूस नाही, देव—"

तो गडबडून उठला. "काकू, अहो, नका. उपकार कसले?"

"आई," मी म्हणाले, "हात खाली घे."

तिनं घेतले नाहीत. ती रडत होती आणि हात तसेच जोडलेले होते, छातीशी. दादा म्हणाला, "अगं, करू दे तिला." मी पुढे गेले. आईची मनगटं धरली आणि ते हात एकमेकांपासून सोडवले. सोपं गेलं नाही. तिनं घट्ट धरले होते. इतक्या वर्षांची तिची सगळी काळजी त्या हातांत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी ते सोडवले आणि खाली केले.

"त्यानं काही केलेलं नाही," मी म्हणाले. "त्याला मी हवी आहे. मला तो हवाय. एवढंच आहे."

मग वहिनी म्हणाली, "जेवून जाणार ना? भात टाकते."

तो जेवून गेला. आईनं त्याला वाढलं, दोनदा आग्रह केला, कालवण संपलं तर स्वतःच्या वाटणीचं त्याच्या ताटात घातलं. माझ्याशी मात्र ती लग्नाच्या दिवसापर्यंत बोलली नाही.